जुना लॅपटॉप भाचीला द्यायचाय, 'फॉरमॅट मारला' म्हणजे डेटा खरंच गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सात-आठ वर्षं वापरलेला विंडोजचा लॅपटॉप भाचीला कॉलेजसाठी द्यायचाय, तुम्ही फोटो आणि फाइली डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामी केली, मग एका मित्राने सांगितलं की एवढ्याने काही होत नाही, ३५ वेळा पुसावं लागतं, आणि दुसऱ्याने सांगितलं की डिस्क काढून हातोडीने फोड आणि बाकीचा लॅपटॉप दे. मी बरीच वर्षं दोन्ही कामं करतोय, लोकांचा गेलेला डेटा परत काढून देणं आणि नको असलेला डेटा कायमचा घालवून देणं, त्यामुळे सांगतो की पहिल्या मित्राचं निम्मं बरोबर आहे, नुसत्या डिलीटने काही होत नाही हे खरं, पण ३५ वेळा कुणीच पुसायला नको. आणि दुसऱ्याचं ऐकलंत तर भाचीच्या हातात डिस्क नसलेला लॅपटॉप पडेल, तो तिच्या काय कामाचा. चालू असलेली डिस्क नीट पुसता येते आणि पुसून देता येते, घाबरून फोडायची गरज फार कमी वेळा पडते.

आणि हो, भाचीवर विश्वास आहे म्हणून पुसायची गरज नाही असंही कुणी म्हणेल, पण प्रश्न भाचीचा नसतोच. तो लॅपटॉप दोन वर्षांनी दुरुस्तीला जाईल, मग तिच्या मैत्रिणीकडे जाईल, मग भंगारात, आणि डिस्क मात्र प्रत्येक ठिकाणी सोबत जाईल.

आधी डिलीट म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. फाइल डिलीट केली की विंडोज दारावरची नावाची पाटी काढतं, घरातलं सामान जिथल्या तिथे असतं. फाइल कुठे ठेवलीये याची जी नोंदवही असते तिच्यात फक्त 'ही जागा आता मोकळी' अशी खूण होते, जुन्या फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं बदलतं. क्विक फॉरमॅटमध्ये अख्खी नोंदवही नवी कोरी होते, पण सामानाला तेव्हाही हात लागत नाही. मग फोटोरेक सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर काय करतं तर ते नोंदवही बघतच नाही, डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि जेपेग फोटो ज्या ठरावीक बाइट्सनी सुरू होतो ते दिसले की तिथून फोटो उचलतं. यात कसलीही जादू नाही, शाळेतलं पोरगंसुद्धा एका दुपारी शिकेल.

एकदा ओळखीच्या एकाने सेकंडहँड घेतलेला कॉम्प्युटर आणला, त्याच्या स्वतःच्या काही फाइली उडाल्या होत्या त्या परत हव्या होत्या. मी स्कॅन लावला तर त्याच्या फाइलींच्या आधी कुठल्यातरी अनोळखी घरातल्या लहान मुलांचे फोटो, पासपोर्टचे स्कॅन, हॉस्पिटलचे रिपोर्ट असं सगळं यायला लागलं. विकणाऱ्याने 'फॉरमॅट मारून दिलाय' असं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं, फॉरमॅट मारलेलाच होता. त्याच्या फाइली काढून दिल्या, बाकीचं सगळं पुसलं, पण ते फोटो बघताना जे वाटलं ते अजून विसरलो नाहीये. हे एखाद-दुसरं प्रकरण नसतं. एमआयटीमधल्या सिम्सन गार्फिंकल आणि अभी शेलत या दोघांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, त्यातल्या १२९ वाचता आल्या, आणि या १२९ पैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत हजारो क्रेडिट कार्ड नंबर होते, एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधून आलेली.

आता कामाला लागायच्या आधीची गोष्ट. माझ्या अनुभवात चोरीपेक्षा जास्त नुकसान इथे होतं, पुसायच्या घाईत माणसं स्वतःचाच डेटा घालवतात. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचा फोल्डर लॅपटॉपवर असेल आणि सिंक चालू असेल तर त्या फोल्डरमधली फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते, मग फोनवरूनही जाते. लोकांना वाटतं आपण फक्त या लॅपटॉपवरची कॉपी काढतोय. ब्राउझरचंही तेच, सिंक चालू असताना सेव्ह केलेले पासवर्ड काढलेत तर ते सगळीकडून जातात. तुम्ही आधीच डिलीट करून बसलायत म्हणून सांगतो, आत्ताच्या आत्ता वेबवरून वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह उघडून बघा, फाइली गेल्या असतील तर दोन्हीकडे कचऱ्यात सर्वसाधारणपणे ३० दिवस राहतात, परत आणता येतील. यापुढे एकेक डिलीट करत बसू नका, ते कामच करायचं नाहीये, आपण डिस्क एकदम पुसणार आहोत.

बॅकअप घेताना फोटो आणि डॉक्युमेंट सगळ्यांना आठवतात, जे आठवत नाही ते म्हणजे आउटलुकमधला जुना मेल. पॉप पद्धतीने मेल येत असेल तर बऱ्याचदा तो सर्व्हरवर शिल्लकच नसतो, फक्त तुमच्या डिस्कवर पीएसटी नावाच्या फाइलमध्ये असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क, डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेल्या पावत्या, डेस्कटॉपवरचे कागद, आणि घरात दुसऱ्या कुणाचं अकाउंट त्या लॅपटॉपवर असेल तर त्यांच्या फाइली, हे सगळं बघा. बॅकअप घेतला की तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आठ-दहा फाइली उघडून बघा, नुसती फोल्डरची नावं दिसली म्हणून बॅकअप झाला असं नसतं. आणि मग ती बॅकअपची डिस्क लॅपटॉपपासून काढून कपाटात ठेवा. हे मी पुन्हा सांगतो, काढून ठेवा, कारण चुकीच्या डिस्कवर पुसण्याची कमांड चालवली की तिथे परतीचा रस्ता नाही, आणि स्क्रीनवर 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' एवढाच फरक दिसत असतो.

त्यानंतर लॅपटॉपवर जोडलेली अकाउंटं सोडवा. अडोबी सारखी काही सॉफ्टवेअर ठरावीक मशीनवरच चालतात, तिथून साइन आउट केलं नाही तर नव्या मशीनवर अडतं. व्हॉट्सअॅप डेस्कटॉप असेल तर फोनमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून काढा. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का बघून ठेवा, काम मधेच अडकलं तर लागते.

आता मुख्य गोष्ट, तुमच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्डडिस्क आहे की चिपांवर डेटा ठेवणारी एसएसडी? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, डिस्कवर क्लिक केलं की तिथे लिहिलेलं असतं. सात-आठ वर्षं जुन्या बऱ्याच मशीनमध्ये दोन्हीही असतात, विंडोज छोट्या एसएसडीवर आणि फोटो मोठ्या हार्डडिस्कवर, तसं असेल तर दोन्ही पुसायच्या.

हार्डडिस्क म्हणजे फळा. त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं की आधीचं गेलं, आणि एकदाच लिहिलं तरी गेलं. ३५ वेळाची गोष्ट कुठून आली तर पीटर गटमन यांचा १९९६ चा एक पेपर आहे, त्यात त्यांनी त्या वेळी वापरात असलेल्या वेगवेगळ्या जुन्या एन्कोडिंग पद्धतींच्या डिस्कसाठी मिळून ३५ पॅटर्न दिले होते, कुठल्याही एका डिस्कला ते सगळे कधीच लागत नव्हते, आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की लोक याला मंत्रतंत्रासारखं वापरायला लागलेत. काही जण तीन वेळा पुसायला सांगतात, ते अमेरिकन संरक्षण खात्याच्या जुन्या नियमावलीतून आलंय. अमेरिकेच्याच निस्ट या संस्थेची डेटा पुसण्याबद्दलची मार्गदर्शिका आहे, ८००-८८ नावाची, तिच्या २०१४ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे की चुंबकीय डिस्कवर साधारणपणे शून्यं एकदा लिहिली तरी प्रयोगशाळेतली उपकरणं वापरूनसुद्धा डेटा परत मिळणं अवघड होतं. वेळेचं गणित तुम्हीच करा, एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटने लिहिली तर एका फेरीला पावणेतीन तास लागतात, ३५ फेऱ्यांना चार दिवस, आणि त्या जुन्या डिस्कला चार दिवस न थांबता रगडून तुम्ही भाचीसाठी तिचं आयुष्यच कमी करताय.

एसएसडीचं मात्र वेगळं आहे, आणि इथे चांगले जाणकारसुद्धा चुकतात. एसएसडी फळ्यासारखी नाही. तिच्या आत एक कंट्रोलर बसलेला असतो, तुम्ही त्याला सांगितलं की दहाव्या पानावरचं खोडून हे लिही, तर तो खोडत नाही, नवीन कोरं पान घेतो, त्यावर लिहितो आणि अनुक्रमणिकेत 'दहावं पान म्हणजे आता हे' अशी नोंद करतो, कारण फ्लॅश मेमरीत एकेक पान वेगळं खोडता येत नाही, अख्खा गठ्ठा एकदम खोडावा लागतो आणि प्रत्येक खोडण्याने तो थोडा झिजतो. जुनं पान मागे कुठेतरी तसंच पडून राहतं, त्याच्या सवडीने साफ होईपर्यंत. शिवाय काही टक्के जागा तो स्वतःसाठी राखून ठेवतो, ती तुम्हाला विंडोजमधून दिसतच नाही, त्यामुळे वरून कितीही लिहिलं तरी तिथपर्यंत आपला हात पोचला की नाही ते कळत नाही. ट्रिम नावाची सोय असते, विंडोज डिलीट केलेल्या जागा कंट्रोलरला कळवतं आणि मग तो त्या साफ करतो, त्यामुळे एसएसडीवरून डिलीट झालेल्या फाइली परत काढणं आम्हालाही जड जातं, पण ते कधी होईल आणि पूर्ण होईल का हे त्या कंट्रोलरच्या मर्जीवर, त्यावर विसंबून डिस्क कुणाला देऊ नये. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं होतं, एकेक फाइल पुसायची त्यांनी तपासलेली कुठलीच पद्धत एसएसडीवर धड चालली नाही, आणि डिस्कच्या आतच असलेली सिक्युअर इरेजची कमांड काही डिस्कवर नीट चालली पण एका डिस्कने 'पुसलं' असा रिपोर्ट दिला आणि डेटा सगळा तसाच होता. ते बघून मी एक नियम केला, कुठल्याही एकाच उपायावर थांबायचं नाही, दोन वेगळ्या जातीचे उपाय एकावर एक करायचे.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा, आधी एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करा, मग रिसेट करा. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, होम असेल आणि मशीन चालवत असेल तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं. बिटलॉकर विचारतो की फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की पूर्ण ड्राइव्ह, तिथे पूर्ण ड्राइव्हच निवडा, कारण तुमच्या डिलीट केलेल्या फाइली 'न वापरलेल्या' जागेतच पडल्यात. वेळ लागतो, रात्रभर चार्जरवर ठेवा. यातलं मर्म असं की एकदा डिस्कवरचं सगळं कुलूपबंद झालं की मग ती किल्ली तेवढी नष्ट करायची असते, मागे एखादं पान राहिलंच तरी ते किल्लीशिवाय निरर्थक आकडे. एन्क्रिप्ट करण्याआधीचं एखादं पान त्या राखीव जागेत राहू शकतं, म्हणूनच पुढची पायरी सोडायची नाही.

एन्क्रिप्शन पूर्ण झालं की सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी (विंडोज १० मध्ये हे अपडेट अँड सिक्युरिटीच्या खाली सापडेल). तिथे रिमूव्ह एव्हरीथिंग निवडा. आणि इथे थांबा, पुढे पुढे क्लिक करू नका, चेंज सेटिंग्ज अशी एक लहानशी लिंक असते ती उघडा आणि क्लीन डेटा चालू करा, ते सुरुवातीला बंद असतं आणि बंद राहिलं तर तो रिसेट आपल्या क्विक फॉरमॅटचाच भाऊ. दोन डिस्क असतील तर सगळ्या ड्राइव्हमधून काढायचं का तेही तिथेच ठरवता येतं. हे काही तास चालेल, मधे वीज जाणार नाही आणि झाकण कुणी लावणार नाही एवढं बघा.

हार्डडिस्क असेल आणि विंडोज नव्याने टाकायचीच असेल तर याहून सरळ रस्ता म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून बूट करायचं, कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट उघडायचं, बरोबर डिस्क निवडायची आणि 'क्लीन ऑल' द्यायचं. नुसतं 'क्लीन' दिलंत तर पार्टिशनची माहिती तेवढी जाते, 'ऑल' लावलं की डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे प्रत्येक लहान तुकड्यावर, शून्य लिहिलं जातं. याने विंडोजची हायबरनेशन फाइल आणि पेजफाइलही जाते, ज्यात रॅममधल्या गोष्टी, म्हणजे त्या क्षणी उघडलेलं काहीही, डिस्कवर उतरलेलं असतं, एकेक फाइल 'श्रेड' करणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. डीबॅन नावाचं जुनं सॉफ्टवेअर अजून लोक सुचवतात, त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे, त्यापेक्षा श्रेडओएस घ्या, त्यात एनवाइप हे पुसायचं सॉफ्टवेअर असतं, पेनड्राइव्हवरून चालतं. पण तेही हार्डडिस्कसाठी.

एसएसडीसाठी आणखी पक्कं करायचं असेल तर आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची स्वतःची सेटिंग्ज) जाऊन बघा, डेल, एचपी यांच्या कितीतरी मॉडेलमध्ये तिथेच डेटा वाइप किंवा सिक्युअर इरेज असतं, ते कंट्रोलरलाच आतून सगळं खोडायला सांगतं, राखीव जागेसकट. नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून करता येतं, तिथे बऱ्याचदा डिस्क 'फ्रोझन' आहे असं सांगून अडते, लॅपटॉप एकदा स्लीपला टाकून उठवला की बहुतेक वेळा सुटते. या पद्धतीत डिस्कला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो, तो सोपा ठेवा आणि कागदावर लिहा, मधेच वीज गेली तर डिस्क त्याच पासवर्डने कुलूपबंद राहते आणि पासवर्ड आठवला नाही तर ती कायमची वाया. यूएसबीच्या डब्यात घालून हे कधी करू नका. यातलं काही अवघड वाटलं तर सोडून द्या, एन्क्रिप्शन आणि क्लीन डेटावाला रिसेट तुमच्यासारख्या घरगुती वापराला भरपूर आहे, हे मी मनापासून सांगतोय.

मॅक असता तर काम सोपं होतं, टी-२ चिप किंवा अॅपलची स्वतःची चिप असेल आणि मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यापुढचं असेल तर इरेज ऑल कन्टेन्ट अँड सेटिंग्ज, बस, ते किल्लीच नष्ट करतं. फक्त त्याआधी फाइंड माय बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडायचं, नाहीतर समोरच्याला अॅक्टिव्हेशन लॉक दिसतो.

पुसून झालं की तपासा. भाचीला द्यायच्या आधी त्यावर फोटोरेक किंवा त्याच कामाचं रेकुव्हा चालवा आणि काय सापडतं ते बघा. विंडोजचे स्वतःचे छोटे आयकॉन, वॉलपेपर वगैरे निघतील, ते नव्या विंडोजचे आहेत, काळजी नको. तुमचा एकही फोटो किंवा कागद दिसला तर पुन्हा पुसा. रिकव्हरी सॉफ्टवेअर एसएसडीची राखीव जागा वाचू शकत नाही हे लक्षात असू द्या, म्हणून तर आधी एन्क्रिप्शन.

फोडायची वेळ कधी येते? डिस्क दिसतच नसेल, मधेच अडकत असेल, किंवा डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये खराब सेक्टर बदलल्याचे आकडे मोठे असतील तेव्हा, कारण बाजूला काढलेल्या त्या सेक्टरवर साधं पुसणं पोचत नाही. तेव्हा डिस्क काढून घ्या आणि भाचीच्या लॅपटॉपला नवीन छोटी एसएसडी लावून द्या, जुना लॅपटॉप त्याने पळायलाही लागेल. काढलेल्या हार्डडिस्कला तबकडीतून आरपार भोकं पाडावी लागतात, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये तबकडी बऱ्याचदा काचेची असते, फुटली की तुकडे उडतात, डोळ्यांवर चष्मा हवाच. एसएसडी असेल तर वरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, एकही सुटता कामा नये. लोहचुंबक फिरवून काही होत नाही, एसएसडीवर तर कितीही मोठ्या चुंबकाने होत नाही. आगीत टाकू नका, त्या धुराने तुम्हालाच त्रास होईल. आणि लॅपटॉपमध्ये डिस्क असताना वरून भोक पाडायचा विचारही नको, खाली लिथियमची बॅटरी असते.

तुमचा लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर एक वेगळी काळजी, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मशीन विंडोज ११ घेत असेल तर पुसल्यावर तेच टाका, लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे इंटरनेटला लागलं की सहसा आपोआप अॅक्टिव्हेट होतं. घेत नसेल तर लिनक्स मिंट टाकून द्या, कॉलेजच्या लिखाणाला आणि ब्राउझरला ते छान चालतं.

शेवटी लॅपटॉप हातात घेऊन सगळीकडून बघा. कार्डच्या खाचेत जुनं मेमरी कार्ड, डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डिस्क, तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर वायफायचा पासवर्ड, हे सगळं मी प्रत्यक्ष सापडलेलं सांगतोय. बायोसला पासवर्ड लावला असेल तर काढा, भाचीला पुढे त्याने फार अडेल. विंडोज पुन्हा चालू होऊन देश आणि भाषा विचारणारी पहिली स्क्रीन आली की तिथेच पॉवर बटण दाबून बंद करा, तुमचं अकाउंट टाकू नका, तिचं ती टाकेल. मग तुमच्या फोनवरून मायक्रोसॉफ्ट आणि गूगल अकाउंटच्या डिव्हाइसच्या यादीत जाऊन हा लॅपटॉप काढून टाका, आणि चार्जरसकट तिला द्या.